वीज न पोचलेल्या पाड्यावर सोलर बसवताना: हिशोब पावसाळ्याचा धरा

सातपुड्यातल्या पाड्यावरच्या एका घरासाठी किंवा लहान अंगणवाडीसाठी चोवीस व्होल्टची ही जोडणी आहे. पॅनेल सहसा बिघडत नाही. आधी जाते ती बॅटरी, आणि तिला मारणारं कारण बहुतेकदा पहिल्याच दिवशी जोडणीत राहून गेलेलं असतं.

आधी खप मोजा. सात वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास: १४० वॅट-तास. तीस वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे आठ तास: ४८०. चाळीस वॅटचा टीव्ही तीन तास: १२०. मोबाइल चार्जिंग ३०. एकूण ७७०, इन्व्हर्टरची घट धरून ९००. साधा पंखा ७५ वॅट खातो. तसे दोन लावले तर नुसत्या पंख्यांनाच १२०० वॅट-तास लागतात, म्हणून जास्तीचं पॅनेल घेण्याआधी पंखे बदला.

पॅनेलचा हिशोब मे महिन्याच्या उन्हावर करू नका. आषाढ-श्रावणात दिवसाला साडेतीन तासांचं पूर्ण ऊन धरा आणि त्यातून पंचवीस टक्के घट काढा: ९०० भागिले (३.५ × ०.७५), म्हणजे ३४३ वॅट. २०० वॅटची दोन पॅनेल घ्या.

ती सिरीजमध्येच जोडा, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला. पॅनेलपासून कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा) पंधरा मीटरवर असेल आणि वायर चार चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर सिरीजमध्ये दहा अँपिअरला सुमारे १.३ व्होल्ट पडतात, चाळीसमधले तीन टक्के. तीच पॅनेल पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडली की करंट दुप्पट होतो, वीस व्होल्टमधून अडीचच्या वर जातात, आणि उरलेल्या व्होल्टवर चोवीस व्होल्टची बॅटरी चार्जच होत नाही. कंट्रोलर वीस अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवणारा) घ्या, पण त्याची पॅनेलकडची व्होल्टेज मर्यादा वाचून. दोन पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) ४८ च्या आसपास असतं, आणि थंडीच्या पहाटे ते पन्नाशी ओलांडतं. पन्नास व्होल्टचा कंट्रोलर तिथेच जळतो. ७५ किंवा १०० चा घ्या.

जागा निवडताना सावली डिसेंबरची धरा. तेव्हा इथे भर दुपारी झाडाची सावली झाडाच्या उंचीइतकी पडते, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला जवळपास दुप्पट. सागाची एक फांदीही पॅनेलवर आली तर उत्पादन बरंच घटतं. तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. दहाच्या खाली गेलात तर खालच्या कडेला माती साचते.

बॅटरी बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर (पाणी भरायच्या, नळीदार प्लेटांच्या लेड-अ‍ॅसिड), सिरीजमध्ये. एकूण ३६०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ढगाळ दोन दिवस निघतात. दोन्ही एकाच वयाच्या असाव्यात. जुनीला नवी जोडली की जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही ओढते.

जोडण्याचा क्रम: आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. सोडताना उलट, पॅनेल आधी. कंट्रोलर बारा की चोवीस व्होल्ट हे बॅटरीवरून ओळखतो. आधी पॅनेल लावलं तर चुकीचं ओळखतो किंवा जळतो. ५०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडा, कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला नाही. सोळा चौरस मिलिमीटरची वायर, लांबी दोन मीटरच्या आत, टोकांना लग (धातूचे कान) दाबून क्रिंप केलेले. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात चाळीस अँपिअरचा डीसी फ्यूज. घरगुती एसी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) इथे चालत नाही: डीसीतली ठिणगी आपोआप विझत नाही, आणि एमसीबी आतून पेटतो.

यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कट-ऑफ, बॅटरी उतरल्यावर इन्व्हर्टर ज्या व्होल्टला बंद होतो तो आकडा. बरेच इन्व्हर्टर २१ व्होल्टला बंद होतात. तोवर ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण रिकामी झालेली असते. असं वारंवार झालं तर पाच वर्षं टिकणारी बॅटरी दीड-दोन वर्षांत संपते. सेटिंग असेल तर कट-ऑफ साडेतेवीसवर आणा. नसेल तर दाराजवळ व्होल्टमीटर लावा आणि २४ च्या खाली काटा गेला की टीव्ही-पंखे बंद करायचे, हे घरातल्या सगळ्यांना शिकवा.

पॅनेलच्या फ्रेमला अर्थिंग द्या आणि डीसी सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत वळवणारा) लावा. वळवाच्या विजा इथे जोरात पडतात. घरातली वायर पाइपातूनच न्या, उंदीर कुरतडतात.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्ज झाल्यावर. झऱ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. महिन्यातून एकदा पातळी पाहा, टर्मिनल पुसून पेट्रोलियम जेली लावा.

जास्तीचे चार फ्यूज आणि कागदावरची जोडणीची आकृती बॅटरीच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवा. फ्यूज हाताशी नसला की त्याच्या जागी तांब्याची तार बांधली जाते, आणि पुढच्या शॉर्टला अडवायला मध्ये काहीच उरत नाही.