दगड की जीवाश्म? कृष्णाकाठी ओळखायचं कसं

सातारा-सांगलीकडे जीवाश्म शोधायला निघालात, तर हातातल्या वस्तूआधी ती कुठल्या थरातून आली ते बघा. आपले डोंगर बेसाल्टचे, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे. हजार अंशांहून जास्त तापलेल्या त्या रसात हाड किंवा पान टिकणार कसं? अजिंक्यताऱ्यावर, सज्जनगडावर किंवा दंडोबाच्या डोंगरावर काळ्या पाषाणात काही विचित्र दिसलं, तर तो दगडच समजून पुढे चला.

रस्त्यासाठी डोंगर कापला की गोल गोटे बाहेर पडतात आणि ‘डायनासोरची अंडी’ म्हणून त्यांचे फोटो फिरतात. तोही बेसाल्टच. भेगांत पाणी मुरून दगडाचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात. खरी अंडी गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला सापडली, ती गाळाच्या खडकात. काळ्या दगडातले पांढरे ठिपके शिंपले नव्हेत; वायूच्या बुडबुड्यांच्या जागी मागाहून झिओलाइट किंवा कॅल्साइट अशी पांढरी खनिजं भरलेली असतात. भेगेवरची नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी मँगनीजची. तिला मधली शीर शोधा, सापडणार नाही.

इथवर सोपं आहे. खरी कसोटी नदीकाठच्या जुन्या गाळात लागते. कृष्णा, येरळा, माण या नद्यांच्या दरडींत पिवळट मातीतून पांढऱ्या नळ्या डोकावतात. बोटाएवढ्या, कधी मनगटाएवढ्या, आतून पोकळ. हाडच वाटतं. मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली. बहुतेक वेळा ती चुनखडी असते: झाडाच्या मुळाभोवती चुना साकळला, मूळ कुजून गेलं, नळी उरली.

अशा वेळी ‘जीभ लावून बघा, चिकटलं तर हाड’ हा सल्ला हमखास मिळतो. तो सोडून द्या. कोरडी चुनखडी जिभेला चिकटते, मातीचं ढेकूळसुद्धा चिकटतं. शिवाय गावाचं सांडपाणी येणाऱ्या काठावरची वस्तू तोंडात घालायचीच कशाला?

त्यापेक्षा आधीच तुटलेली बाजू धुऊन दहापट भिंगाखाली धरा. हाडाची बाहेरची भिंत घट्ट आणि गुळगुळीत असते, आत, विशेषतः टोकांकडे, बारीक जाळी असते आणि लांबीच्या दिशेने समांतर रेघा दिसतात. चुनखडीत असली शिस्त नसते. भिंत कुठे जाड, कुठे पातळ; तिच्यात वाळूचे कण आणि बेसाल्टचे काळे कण रुतलेले. हे काळे कण भिंतीच्या अंगातच दिसले, तर मी पुढे बघतच नाही. मग आकार बघा. मुळाची नळी निमुळती होत जाते, तिला फाटे फुटतात. लांब हाडाला फाटे नसतात. ते सांध्याकडे रुंदावतं.

व्हिनेगरचा थेंब उपयोगी आहे, पण निकाल एकट्या थेंबावर देऊ नका. चुनखडी फसफसते हे खरं, पण गाळातल्या हाडावरही चुन्याचं पूट चढलेलं असतं आणि तेही फसफसतं. थेंब गळून पडलेल्या कणावरच टाका, मूळ वस्तूवर नको. आतून कसं आहे हे बघायला हातोडी मारू नका. जाळी चुरा झाली की ओळखायला काही उरत नाही.

हाडच निघालं, तरी ते जुनं असेलच असं नाही. पुरात वाहून आलेली गुरांची हाडं काठावर पुष्कळ असतात. ती हलकी लागतात, आणि कपची जाळली तर केस जळल्याचा वास येतो. जीवाश्मात खनिज भरलेलं असतं, म्हणून ते आकाराच्या मानाने जड लागतं आणि असा वास येत नाही. दरडीखाली सुटं पडलेलं हाड कुठूनही आलेलं असू शकतं; थरात घट्ट रुतलेलंच महत्त्वाचं.

तसं सापडलं तर उकरू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, संपूर्ण दरडीचाही एक घ्या, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. कोणत्या थरात होतं हे कळलं नाही, तर अभ्यासकाला त्या हाडाचा फारसा उपयोग होत नाही. दरड ढासळायला आली असेल आणि उचलणं भागच असेल, तर भोवतालच्या मातीसकट काढा, कागदात गुंडाळा आणि सावलीत वाळू द्या. ओलं हाड उन्हात ठेवलं की तडकतं.