हट्टामागची भीती कशी ओळखावी

घराबाहेर पडलं की माझा मुलगा पाणी प्यायचा नाही. कितीही तहान लागली तरी ओठ घट्ट मिटून बसायचा. मी हट्ट समजून रागावत राहिले. उलगडा व्हायला सात-आठ महिने गेले. पाणी प्यायलं की बाहेरच्या शौचालयात जावं लागणार, तिथे हात वाळवायचं यंत्र असणार, आणि ते कधी घोंघावेल याचा नेम नाही. तो दहा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, आणि ‘मला भीती वाटते’ असं तो अजून कधी म्हणालेला नाही.

म्हणून हट्ट दिसला की आधी त्यामागची भीती शोधा. ‘घाबरलास का?’ असं विचारून हाती काही लागत नाही. अनेक ऑटिस्टिक माणसांना छातीतली धडधड जाणवते, पण ती भीती आहे हे ओळखणं जड जातं. मी विचारते, ‘पोटात कसं होतंय? हात गार पडलेत का?’ याचं उत्तर तो देतो.

ही भीती खरी असते, लाडानं आलेली नसते. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ ऑटिस्टिक मुलांबद्दल लिहिलं, त्यांच्यातही मोठ्या आवाजांची आणि फिरणाऱ्या यंत्रांची धास्ती त्यांनी नोंदवली होती. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना चिंतेचा एखादा विकार असल्याचं दिसलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन आठवडे एक वही ठेवा. मूल कोलमडलं, म्हणजे ताण असह्य होऊन त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला, की त्याआधीच्या चोवीस तासांत काय झालं ते लिहा: झोप, भूक, गोंगाट, टोचणारा कपडा, ऐनवेळी बदललेला बेत. माझ्या वहीतून कळलं की रविवारी सकाळी तो त्याच यंत्रासमोरून कानांवर हात ठेवून जातो आणि शुक्रवारी संध्याकाळी दारातच जमिनीवर लोळण घेतो. यंत्र तेच, आवाज तोच. आठवडाभराचा साठलेला ताण तेवढा वेगळा. तेव्हापासून मी भीतीशी झगडणं सोडलं आणि आधी ताण उतरवायला लागले. शाळेतून आल्यावर पहिली चाळीस मिनिटं एकही प्रश्न नाही, दिवा मंद, अंगावर त्याचं जड पांघरूण. ‘बघू’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द मी टाकून दिले. त्याऐवजी ‘पाच वाजता नक्की सांगते’ म्हणते, आणि पाचला सांगतेच. काय होणार हे न कळणं त्याला आवाजाइतकंच छळतं.

भीतीची सवय करायची तर सूत्रं मुलाच्या हातात द्या. आम्ही त्या यंत्राचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला, अगदी हळू लावला, आणि बंद करायचं बटण त्याच्याकडे दिलं. पहिल्या दिवशी दोन सेकंद. कित्येक आठवडे लागले. एकदा मी घाई करून त्याला ओढत आत नेलं होतं. त्यानंतर तो त्या इमारतीतच पाऊल ठेवेना. ती चूक माझी. आवाज अडवणारे हेडफोन जवळ असू द्या, पण दिवसभर लावू नका. सतत शांततेत राहिलं तर कान आणखी हळवे होऊ शकतात.

आणि मूल कोलमडलंच तर समजावू नका. त्या क्षणी शब्दही गोंगाटच असतात. गर्दी बाजूला करा, उजेड कमी करा, विचारल्याशिवाय हात लावू नका, थांबा. शांत झाल्यावर लगेच ‘असं का केलंस?’ विचारू नका. तो थकलेला असतो.

भीती अचानक वाढली तर शरीरही तपासून घ्या. मध्यंतरी आठवडाभर तो दारावरच्या घंटेलाही दचकत होता. दुखतंय असं एकदाही म्हणाला नाही. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तेव्हा मागची दाढ किडलेली निघाली.