ऐप्टेशिया मारताना या चुका टाळा, नाहीतर एकाचे पन्नास होतील

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी ऐप्टेशिया नावाचा उपद्रवी अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्री प्राणी) भेटतोच. पारदर्शक तपकिरी, लांब बारीक टेंटॅकल्सवाला (म्हणजे तोंडाभोवतीच्या सोंडा), दगडाच्या भोकात बसलेला, हात जवळ नेला की सुर्रकन आत. लाइव्ह रॉकवर (जिवंत जीवजंतू असलेला समुद्री दगड) नाहीतर फ्रॅगच्या म्हणजे कोरलच्या कापलेल्या तुकड्याच्या प्लगवर, ज्या छोट्या बैठकीवर तो लावलेला असतो तिच्यावर, चिकटून येतो आणि सुरुवातीला तर बरा पण दिसतो, फुकटात अ‍ॅनिमोन मिळाला असं वाटतं. मग शेजारच्या झोआ (झुपक्याने वाढणारे, कोरलसारखे छोटे प्राणी) दिवसभर मिटून बसायला लागतात, एखाद्या एलपीएसची (मोठ्या पॉलिपच्या कोरलची) त्याच बाजूची कड झडते, तेव्हा ट्यूब पेटते. आणि ट्यूब पेटली रे पेटली की माणूस चिमटा, ब्रश, सुई, जे हाताला लागेल ते घेऊन टँकमध्ये हात घालतो. खरा घोळ इथून सुरू होतो. माझ्या मते टँक ऐप्टेशियाने भरतो तो बऱ्याचदा मालकाच्या अर्धवट हल्ल्यांमुळे.

उपटणं आणि घासणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे म्हणून आधी हीच. ऐप्टेशियाचा जो तळ दगडाला चिकटलेला असतो ना, त्याचा अगदी बारीकसा तुकडा जरी मागे राहिला तरी त्यातून नवा पूर्ण प्राणी तयार होतो. हे त्याचं प्रजननाचंच साधन आहे, तो नुसता दगडावर सरकत असला तरी मागे तळाचे कण टाकत जातो आणि काही दिवसांत तिथे इवलेइवले टेंटॅकल्स दिसायला लागतात. नराची गरज नाही, मादीची गरज नाही. म्हणजे तुम्ही चिमट्याने ओढलात, वरचा भाग हातात आला, तळ भोकात राहिला, आणि ओढताना जे चार तुकडे पाण्यात उडाले ते प्रवाहाने दुसऱ्या दगडांवर जाऊन बसले. टूथब्रशने घासणं तर त्याहून वाईट.

गंमत म्हणजे ह्याच गुणामुळे प्रयोगशाळांमध्ये तो लाडका आहे. कोरल आणि त्यांच्या पेशीत राहणारं शेवाळ यांचं नातं अभ्यासायला शास्त्रज्ञ कोरलऐवजी ऐप्टेशिया वापरतात, कारण एकापासून हवे तेवढे हुबेहूब क्लोन मिळतात आणि मरता मरत नाही. २०१५ मध्ये त्याचा जीनोमसुद्धा प्रसिद्ध झाला. जो प्राणी त्यांना लॅबमध्ये वाढवायला इतका सोपा वाटतो तो तुमच्या टँकमध्ये चिमट्याला घाबरेल ही अपेक्षाच चुकीची.

न ओळखताच मारायला घेणं

प्रत्येक टेंटॅकलवाली गोष्ट ऐप्टेशिया नसते. मॅजानो म्हणून दुसरा एक उपद्रवी अ‍ॅनिमोन आहे, तो बुटका आणि जाडसर असतो, टेंटॅकल्स आखूड आणि टोकाला फुगीर, रंग तपकिरी किंवा हिरवट, बऱ्याचदा दगडावर उघड्यावर बसलेला. लोक त्याला बबल टिप अ‍ॅनिमोनचं पिल्लू समजून महिनोन्‌महिने पोसतात. उलटंही होतं, नळीत राहणारे पंखेवाले किडे म्हणजे फेदर डस्टर, त्यांना ऐप्टेशिया समजून चुन्याची पेस्ट लावून मारलं जातं. फेदर डस्टर नळीतून बाहेर येतो, त्याचा पंखा पिसासारखा असतो आणि मधे तोंडाची चकती दिसत नाही. ऐप्टेशियाला नळी नसते, खांबासारखं मऊ शरीर, वर चकती, चकतीच्या मधोमध तोंड. ओळख पटवणं महत्त्वाचं यासाठी की पुढचे बरेचसे उपाय एकावर चालतात आणि दुसऱ्यावर नाही.

पेस्ट वापरताना होणारे घोळ

मोजकेच ऐप्टेशिया असतील तर पेस्ट हा माझ्या दृष्टीने पहिला उपाय. तयार मिळणारी ऐप्टेशिया-एक्ससारखी औषधं घ्या नाहीतर काल्कवासर म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पावडर आरओच्या पाण्यात घट्ट कालवून सिरिंजमध्ये भरा. त्याचा पीएच साधारण १२.४ असतो, अ‍ॅनिमोनचं शरीर त्यात भाजून निघतं. तुमची त्वचा आणि डोळेही भाजू शकतात, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालायचाच, उगाच शूरपणा नको.

आता घोळ कुठे होतो. पहिलं म्हणजे पंप चालू ठेवून पेस्ट टाकतात. पेस्ट उडते, शेजारच्या कोरलवर बसते, आणि ऐप्टेशिया आत जाऊन शांत बसतो. वेव्हमेकर, रिटर्न पंप सगळं बंद करा, पाणी थांबू द्या, आणि काम झाल्यावर निदान १५-२० मिनिटं तसंच राहू द्या. फक्त नंतर पंप चालू करायचं विसरू नका, ही चूक ऐप्टेशियापेक्षा जास्त मासे मारते. चालू करायच्या आधी वरची उरलेली पेस्ट बारीक नळीने सायफन करून घ्या.

दुसरं, सुईने त्याला डिवचतात. टोक लागलं की तो आकसतो, पांढरे धागे सोडतो (त्या धाग्यांत डंख मारणाऱ्या पेशी असतात), आणि भोकात शिरला की तुमची पेस्ट फक्त भोकाच्या तोंडावर झाकण म्हणून बसते. दोन आठवड्यांनी तो बाजूच्या फटीतून बाहेर. त्याऐवजी आधी त्याला थोडं खायला द्या, मायसिसचा (बारीक कोळंबीसारखं खाद्य) एखादा तुकडा चालेल, तो धरून तोंडाकडे न्यायला लागला की हळूच सिरिंजचं टोक चकतीच्या वर आणा आणि स्पर्श न करता तोंडावर पेस्ट सोडा. तोंडातून आत गेलेली पेस्ट आणि वरून झाकलेली चकती, दोन्ही मिळून काम करतात. खांबात सुई खुपसून भोसकण्यापेक्षा हे कितीतरी बरं, भोसकलं की निम्म्या वेळा सुई आरपार जाते आणि औषध बाहेर.

तिसरं म्हणजे एका दमात सगळे मारायला जाणं. छोट्या टँकमध्ये एकदम वीस जणांवर काल्क टाकलात तर पीएच झपकन वर जातो आणि मेलेले वीस जण कुजून अमोनिया करतात ते वेगळंच. टँक लहान असेल तर एका वेळी तीन-चार बास, मधे एखाद-दोन दिवस जाऊ द्या, पीएच ८.५ च्या वर सरकताना दिसला तर थांबा. लिंबाचा रस आणि व्हिनेगर इंजेक्ट करणारेही आहेत, छोट्या ऐप्टेशियावर चालतं कधीकधी, पण तिथे पीएच उलट्या दिशेला जातो, प्रमाणाचं भान तेच.

आणि पेस्ट टाकून झालं की विषय संपला असं धरू नका. आठवड्याने त्याच जागी टॉर्च मारून बघा. हमखास एखादं पिल्लू असतं, आणि ते लहान असतानाच मारणं सोपं.

सुपरग्लू किंवा इपॉक्सीने भोक बुजवणं हा प्रकार मला तरी पटत नाही. लाइव्ह रॉक आतून पोकळ, जाळीदार असतो, एक दार बंद केलं की तो दुसऱ्या दाराने येतो.

दगड उकळणं: हे करूच नका

सगळं सोडून दगडच बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकावा असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. ह्यात जीवाला धोका आहे आणि मी वाढवून सांगत नाहीये. पॅलिथोआ (झोआंचेच भाऊबंद) आणि काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. दगडावर ते चिकटलेले असतील, अगदी तुम्हाला दिसत नसतील तरीही, उकळल्यावर वाफेसोबत ते हवेत येतं आणि श्वासातून घरातल्या सगळ्यांच्या पोटात... म्हणजे फुफ्फुसात जातं. घरच्या घरी असं करून लोकांना श्वास लागून, ताप भरून हॉस्पिटलात न्यावं लागल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. असा दगड कोरडा घासणं, त्यावर गरम पाण्याचा फवारा मारणं, हेही त्याच यादीत. एखादा दगड ऐप्टेशियाने पूर्ण भरलाच असेल तर तो अंधारात बादलीत ठेवून नव्हे, सरळ पाण्याबाहेर, मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर, बरेच आठवडे वाळवा. त्यातले बॅक्टेरियाही मरतील, परत टाकताना तो नवा दगड समजूनच टाकावा लागेल.

शिकारी आणताना होणाऱ्या चुका

पेपरमिंट श्रिम्प, म्हणजे ऐप्टेशिया खाणारी एक छोटी कोळंबी, हा स्वस्त आणि मस्त उपाय, पण आधी बघा की तो पेपरमिंटच आहे ना. त्याच्यासारखाच दिसणारा कॅमल श्रिम्प असतो, पाठीला कुबड, डोळे मोठे, लाल पट्ट्यांच्या मधे ठळक पांढऱ्या रेषा आणि ठिपके. तो ऐप्टेशिया सोडून झोआ आणि मऊ कोरल खातो. पेपरमिंट अंगाने पारदर्शक, त्यावर बारीक लाल रेघा, पांढरं काही नाही. खरा पेपरमिंट आणूनही काम होत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच, तुम्ही माशांना इतकं खायला घालताय की त्याला तळाशी पडलेलं मिळतंय, मग तो डंख मारणारी वस्तू कशाला खाईल? खाणं कमी करा. मोठे ऐप्टेशिया त्याच्याकडून होत नाहीत, ते पेस्टने मारा आणि पिल्लं त्याच्यासाठी सोडा. हा भूक लागली की कोरलच्या तोंडातलं खाणंही पळवतो, ते चालवून घ्यावं लागतं.

बर्गिया ही छोटी समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, दोन-तीन सेंटिमीटरची, ती ऐप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही. कोरलला शून्य धोका. शिवाय ऐप्टेशियाच्या डंखाच्या पेशी न फोडता गिळून स्वतःच्या पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांत साठवते आणि आपल्याच बचावाला वापरते, मला हे कितीही वेळा वाचलं तरी भारी वाटतं. तिच्या बाबतीत लोक तीन गोष्टी चुकतात. एकच आणतात, जिथे आठ-दहा तरी हव्यात म्हणजे त्या अंडी घालून संख्या वाढवतील. दिवसा लाइट चालू असताना पाण्यात वरून सोडून देतात, आणि ती तरंगत सरळ ओव्हरफ्लोमध्ये (टँकचं पाणी खाली उतरण्याची जागा) नाहीतर पावरहेडमध्ये (टँकमधला प्रवाहाचा पंप) जाते. लाइट बंद झाल्यावर, पंप थांबवून, नळीने ऐप्टेशियाच्या जवळच्या फटीत सोडायची, मोठ्या ऐप्टेशियाच्या अंगावर नाही कारण तो तिलाच खाऊ शकतो. आणि तिसरं, टँकमध्ये सिक्सलाइन, मेलानुरस असे रॅस जातीचे मासे किंवा तेच पेपरमिंट श्रिम्प असताना तिला सोडतात. पैसे देऊन रॅसला नाश्ता दिल्यासारखं झालं. पेपरमिंट किंवा बर्गिया, दोन्हीतलं एक निवडा.

बर्गिया सोडल्यावर पुढचे काही आठवडे काहीच दिसत नाही, ती रात्री फिरते आणि दिवसा दगडात. लोक कंटाळून मधेच पेस्ट मारायला लागतात, म्हणजे तिचं अन्नच मारतात. दोन-तीन महिने द्या. आणि मॅजानोसाठी बर्गिया आणू नका, ती त्याला तोंड लावत नाही.

फाइलफिश हा मासा, तो ब्रिसलटेलवाला, बऱ्याचदा चांगलं काम करतो पण ऐप्टेशिया संपल्यावर झोआ, एलपीएसची मऊ टोकं, क्लॅमची म्हणजे शिंपल्याची कड चाखायची सवय लागू शकते. महागड्या कोरलच्या टँकमध्ये सोडण्याआधी विचार करा की गरज पडली तर त्याला परत पकडता येईल का. कॉपरबँड बटरफ्लायफिशबद्दल माझं मत कडक आहे, फक्त ऐप्टेशियासाठी तो आणूच नये. नाजूक, खायला नखरे, मोठा आणि जुना स्थिरावलेला टँक लागतो, आणि अनेकदा ऐप्टेशिया शाबूत आणि मासा उपाशी मेला अशी अवस्था होते.

लाइट बंद करून, उपाशी ठेवून मारू

नाही मरत. ऐप्टेशिया प्रकाशावर जगतो कारण त्याच्या अंगात शेवाळ असतं, आणि पाण्यातलं खाऊनही जगतो. लॅबमध्ये त्यातलं शेवाळ पूर्ण काढून टाकून नुसत्या आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातले इवले झिंगे) त्याला वर्षानुवर्षं ठेवतात. चार दिवस ब्लॅकआउट केल्याने तुमचे कोरल आधी कोमेजतील. खाणं कमी करण्याचा फायदा आहे पण तो वाढीचा वेग कमी करण्यापुरता. पाण्यात पावडर फूड उधळण्याऐवजी कोरलला पिपेटने नेमकं भरवा, नायट्रेट-फॉस्फेट आवाक्यात ठेवा, एवढंच.

सगळं केलं तरी परत येतोय?

मग डिस्प्ले सोडून बाकीच्या जागा बघा. संपच्या (टँकखालची फिल्टरची टाकी) भिंती, ओव्हरफ्लो बॉक्सचे दात, रिटर्न पंपाची जाळी, रेफ्युजियममधला (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातला) दगड, वेव्हमेकरच्या मागची बाजू. रात्री लाइट गेल्यावर टॉर्च घेऊन बसा, दिवसा न दिसणारे तेव्हा पसरलेले दिसतात. काचेवर किंवा पंपावर बसलेला असेल तर तो भाग बाहेर काढून, प्लास्टिक असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करता येतो, टँकच्या आत खरवडायचं नाही.

आणि नवीन फ्रॅग. आयोडीनच्या किंवा तत्सम डिपमधून (टँकमध्ये टाकण्याआधी फ्रॅग औषधी पाण्यात बुडवणं) ऐप्टेशिया आरामात वाचतो, डिप केलं म्हणून बेफिकीर राहू नका. प्लगच्या खालची बाजू उलटी करून बघा, बहुतेक वेळा तिथेच असतो. शक्य असेल तर कोरल प्लगवरून कापून नव्या प्लगवर लावा आणि जुना प्लग टँकमध्ये न नेता फेकून द्या. वेगळा छोटा टँक असेल तर महिनाभर तिथे ठेवा, मधूनमधून थोडं खाणं टाका म्हणजे लपलेला असेल तो हात बाहेर काढेल.