महामार्गालगतची फाईल आली की आधी मध्यरेषा कोणती ते विचारा

रचना सहायक म्हणून रुजू होताय म्हणजे 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा, युडीसीपीआर म्हणजे राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, शेती विभाग, गावठाण हे सगळं पाठ झालेलं असणारच. त्यात वेळ घालवत नाही. महामार्गाला लागून असलेल्या गटाचं प्रकरण टेबलावर आलं की घोडं कुठे अडतं, तेवढंच सांगतो.

इंडियन रोड्स काँग्रेसची 73 नंबरची संहिता सांगते की मोकळ्या, सपाट भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा, म्हणजे तिच्या आत रस्त्याच्या बाजूला बांधायचं नाही, आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा, म्हणजे तिथपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण. हे सगळ्यांना येतं. पण मध्य कोणता? आज डांबर दिसतंय त्याचा, की मंजूर रुंदीकरणाचा?

धरून चला, रस्त्याची हद्द 30 मीटर आहे. पश्चिमेला गावठाण, म्हणून वाढीव 30 मीटर सगळेच्या सगळे पूर्वेकडून घ्यायचे ठरले. हद्द झाली 60 मीटर आणि मध्य 15 मीटर पूर्वेला सरकला. पूर्वेकडच्या शेतकऱ्याची इमारत रेषा आता जुन्या मध्यापासून 40 वर नाही, 55 वर. त्यातली 45 मीटरपर्यंतची जमीन संपादनात जाईल, तिचा मोबदला मिळेल. पुढचे 10 मीटर मात्र त्याच्याच सातबाऱ्यावर राहतात. मोबदला नाही आणि बांधताही येत नाही. तुम्ही जुन्या डांबरावरून टेप लावून शिफारस केलीत, तर त्याने कर्ज काढून बांधलेल्या हॉटेलाचा दर्शनी भाग संपादनात आणि उरलेला या पट्ट्यात. त्या माणसाला उत्तर काय देणार?

म्हणून छाननीआधी रस्त्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना पत्र द्या, चेनेजसह, म्हणजे रस्त्याच्या लांबीवरच्या अंतराच्या खुणांसह, मंजूर आखणी मागा. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3-अ ची, म्हणजे जमीन संपादन करण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघालीय का तेही बघा. ती प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला 21 दिवसच असतात, आणि गावात बातमी पोचेपर्यंत त्यातले बरेच गेलेले असतात.

गूगल अर्थवर गावनकाशा ताणून बसवण्याचा शॉर्टकट मला अजिबात पसंत नाही. चार कोपरे जुळले तरी मधले बांध सरकलेले असतात. तीन गावांच्या शिवा मिळतात ते दगड जागेवर शोधा आणि त्यांवर नकाशा बसवा. दगड दाखवतो तो कोतवाल, नाहीतर जुना भूकरमापक. साहेबांपेक्षा मी या लोकांकडून जास्त शिकलो. त्यांच्याबरोबर उन्हातान्हात शिवार तुडवायला मागेपुढे पाहू नका.

सुरुवातीला चेनेज आणि गट नंबरांचा मेळ लागत नाही, रडकुंडीला येतो माणूस. घाबरू नका, दोन-चार गावं पायाखाली घातली की नजर बसते. मला आजही एखाद्या वळणावर तासभर लागतो, आणि तो मी लावतो. पक्षकार खुर्ची ओढून समोर बसला आणि आजच सही हवी म्हणाला, तरी आखणीचं पत्र हातात येईपर्यंत फाईल पुढे सरकवायची नाही.