हत्तीपायाचा पाय धुताना या चुका टाळा

बारा वर्षं झाली, हत्तीपाय असलेल्यांच्या घरी जाऊन पाय धुवायला शिकवते आहे. आपला सोलापूर जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला, तेव्हा घरं कमी नाहीत. या लोकांना अधूनमधून ताप भरतो. तो का येतो विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, अंगातला जंतू उठतो."

तसं नसतं. थंडी वाजून ताप भरतो, जांघेत अवधान येतं, पाय लालभडक होतो, ते बहुतेक वेळा हत्तीरोगाच्या कृमीमुळे नव्हे. साधे जिवाणू कातडीच्या फटीतून आत शिरतात. अशा प्रत्येक तापानंतर सूज थोडी वाढूनच राहते.

ही फट मला बहुधा बोटांच्या बेचक्यात सापडते. पाय धुतात, बेचक्या ओल्याच ठेवतात. सगळ्यात मोठी चूक हीच. विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पाय मुडपून बसायच्या. वर्षात चार वेळा ताप. "धुतेय की ताई, रोज धुतेय," म्हणाल्या, आणि धुतही होत्या. मी बोटं हळूच फाकवली. करंगळीच्या शेजारी कातडी पांढरी, भिजून फुगलेली, मधे चीर, आणि वास. चिखल्या! पाय वरवर पुसून त्या कामाला बसत होत्या. डॉक्टरांनी बुरशीचं मलम दिलं. मी जुन्या सुती लुगड्याच्या बोटभर पट्ट्या फाडून दिल्या. एकेका बेचक्यातून पट्टी ओढायची, घासायचं नाही, पट्टी कोरडी निघेपर्यंत टिपायचं. मलम त्यानंतर.

नळाला रोज पाणी नाही, ही सबब मला पटत नाही. अर्धी बादली साधं पाणी आणि अंगाचा साबण पुरतो. वजरी मात्र पायाला लावू नका, तिनेच नवी चीर पडते.

दुसरी चूक ताप आल्यावरची. गरम शेक, तेलाची मालिश, बिब्बा. बिब्ब्याने भाजलेले पाय मी पाहिलेत, आजही राग येतो. एका रात्रीत सूज उतरवायची घाई महिनाभराची जखम देऊन जाते. ताप असताना गार पाण्याच्या घड्या ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा, भरपूर पाणी प्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण अँटिबायोटिक लागू शकतं. सुजेवर दाबाची पट्टी बांधणं आणि पायाचा व्यायाम ठणका जाईपर्यंत बंद.

सरकारी हत्तीरोग मोहिमेत वाटतात त्या गोळ्या जरूर घ्या, त्यांनी रोगाचा फैलाव थांबतो. पण जुनी सूज त्यांनी उतरत नाही, म्हणून दर महिन्याला दुकानातून आणून गिळू नका.

झोपताना खाटेच्या पायथ्याखाली एकेक वीट. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हत्तीरोगाने अंडवृद्धी झाली तर लपवू नका, तिच्यावर शस्त्रक्रिया होते.

"आठ दिवस धुतला, फरक नाही," असं म्हणून पुष्कळ जण सोडून देतात. आधी ताप कमी होतात, सूज नंतर आणि हळूहळू. म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तापाच्या तारखेला गोल करायला सांगते. त्या मावशींच्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षी एकच गोल होता, जानेवारीतला. गड्ड्याच्या यात्रेला त्या अनवाणी गेल्या होत्या.