मॉरिशसला गोल्फ खेळायला जाताय? निदान या चुका तरी टाळा

ओळखीतले बरेच जण मॉरिशसचा प्लॅन बनवला की "जरा नजर टाका" म्हणून मला पाठवतात आणि दर वेळी त्यात त्याच चुका असतात. विमान, हॉटेल, ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे) सगळं धरलं तर खर्च काही कमी होत नाही, आणि एवढे पैसे घालून माणसं दमून, चिडून परत येतात हे बघून खरंच वाईट वाटतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोल्फ आणि साइटसीइंग एकाच दिवसात कोंबणं, तेही बेटाच्या दोन टोकांना. नकाशावर मॉरिशस इवलंसं दिसतं, लांबी साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५, त्यामुळे वाटतं की कुठूनही कुठे अर्ध्या तासात पोचू. तसं नाहीये. मधे डोंगर आहेत, गावागावांतून जाणारे अरुंद रस्ते आहेत, पोर्ट लुईच्या आसपास सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिक असतं, आणि ग्रँड बेवरून शमारेलला जायला सहज दीड तास लागतो.

आमच्या पुण्याच्या ग्रुपमधल्या चौघांनी जुलैमध्ये नेमकं हेच केलं. हॉटेल उत्तरेला ग्रँड बेला, सकाळी शमारेलची सात रंगांची माती आणि धबधबा, म्हणजे बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यात, आणि दुपारी एकचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची बुक केलेली वेळ, इल ओ सेर्फला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर. मी जायच्या आधीच म्हटलं होतं की अहो हे जमणार नाही, इल ओ सेर्फ हे वेगळं छोटं बेट आहे, तिथे गाडी जात नाही, किनाऱ्यावर उतरून बोटीने जावं लागतं, तो वेळ कुठे धरलाय तुम्ही? तर उत्तर आलं, "होतं हो, बघू." शमारेलला फोटो काढता काढता उशीर झाला, जेवण राहिलं, गाडीत एकाला घाटामुळे मळमळायला लागलं आणि जेटीवर पोचेपर्यंत पावणेदोन वाजले. टी टाइम गेला होता, कसंबसं नंतरच्या स्लॉटमध्ये घुसवलं. आता जून-जुलै म्हणजे तिथे हिवाळा, कारण मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि तेव्हा सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि लगेच अंधार पडतो. १८ होलला, म्हणजे पूर्ण फेरीला, चार-साडेचार तास धरा. चौदाव्या होलवर बॉल दिसेना, खेळ तिथेच सोडला, पैसे पूर्ण गेले. आणि त्यातल्या एकाला आयुष्यात एकदा तो कोर्स खेळायचा होता हो! त्याचं तोंड बघवत नव्हतं.

माझी सवय सांगतो. गोल्फ सकाळी, शक्यतो पहिल्या तासा-दोन तासांतला टी टाइम, आणि दुपारी फक्त त्याच बाजूचं काहीतरी. दक्षिणेला बेल ओंब्रला खेळलात तर शमारेल आणि ल मॉर्न जवळ पडतं. ल मॉर्नचा ५५६ मीटरचा डोंगर वर्ल्ड हेरिटेज आहे, पळून आलेले गुलाम तिथे लपायचे, तर नुसता पायथ्याशी सेल्फी काढून निघू नका. उत्तरेला मॉन श्वाझीला खेळलात तर पाम्पलमूसची बाग आणि पोर्ट लुई. पूर्वेला इल ओ सेर्फ असेल तर त्या दिवशी दुसरं काही ठेवूच नका, खेळून झालं की तिथल्याच लगूनमध्ये पाय बुडवून बसा. आणि आठवडाभर राहणार असाल तर हॉटेल दोन ठिकाणी घ्या, बॅग भरायचा कंटाळा करू नका.

दुसरी चूक वाऱ्याची, आणि ही आपल्या चांगल्या खेळाडूंकडून जास्त होते. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात आणि पूर्व किनारा थेट त्यांच्या तोंडावर आहे. पुण्यात आपण साडेपाचशे मीटर उंचीवर खेळतो, तिथे बॉल थोडा जास्त उडतो, इथे तुम्ही समुद्रसपाटीवर, समोरून वारा, आणि तरी लोक नेहमीचाच क्लब (बॉल मारायची काठी) काढतात. इल ओ सेर्फचा कोर्स बर्नहार्ड लँगरने डिझाइन केलेला, २००३ मध्ये सुरू झाला, कितीतरी ठिकाणी पाण्यावरूनच मारावं लागतं. तिथे बॅक टीवरून, म्हणजे सगळ्यात मागच्या सुरुवातीच्या जागेवरून, खेळायचा हट्ट कशाला? एक टी पुढे या, समोरून वारा असेल तर नेहमीपेक्षा एक-दोन नंबर लांब पल्ल्याचा क्लब घ्या आणि हळू मारा. वारा सकाळी त्यातल्या त्यात कमी असतो, हे आणखी एक कारण लवकर खेळायचं. बॉल भरपूर न्या, प्रो शॉपमध्ये महाग पडतात, आणि आपल्याकडच्यासारखा कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, बॉल शोधून देणार नाही, बहुतेक रिसॉर्ट कोर्सवर कार्ट घेऊन आपलं आपणच खेळायचं असतं.

आणि चार दिवस ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) जाऊन थेट अशा कोर्सवर उतरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, थांबा. मागचे ग्रुप खोळंबतात, तुम्हाला स्वतःलाही मजा येत नाही, आणि खेळच नकोसा होतो. बेल ओंब्रला ९ होलचा पार-३ कोर्स आहे, म्हणजे प्रत्येक होल छोटा, तीन फटक्यांचा, तिथे घरच्यांना घेऊन निवांत खेळा. शिकायला वेळ लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

हँडिकॅप सर्टिफिकेटची, म्हणजे तुमच्या खेळाच्या पातळीच्या दाखल्याची, प्रिंट जवळ ठेवा, काही ठिकाणी विचारतात. कॉलरचा टी-शर्ट आणि सॉफ्ट स्पाइक्सचे (प्लास्टिकच्या खिळ्यांचे) बूट घाला. टॅक्सीचं भाडं बसायच्या आधी ठरवा.

हवामानाबद्दल एवढंच की किनाऱ्यावर कडक ऊन असताना मधल्या पठारावर, क्युरपिप-वाक्वाकडे, पाऊस पडत असू शकतो, म्हणून हॉटेलच्या खिडकीतून बघून ग्रँड बासॅनचा, म्हणजे गंगा तलावाचा बेत ठरवू नका, पातळ जॅकेट घ्या. जानेवारी ते मार्च स्वस्त पॅकेज दिसलं की उड्या मारू नका, तो चक्रीवादळांचा मोसम आहे, जायचंच असेल तर रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

एक चूक मात्र मला फार खटकते, ती म्हणजे पोर्ट लुईला जाऊन शॉपिंग करून परत येणं आणि शेजारचा आप्रवासी घाट, म्हणजे करारावर आणलेले मजूर जिथे उतरवायचे ती जागा, न बघणं. १८३४ पासून जवळपास पाच लाख गिरमिटिया मजूर या बंदरात उतरले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची आपली माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, शाळांमधून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. तासभर पुरतो हो, पण तो तास काढा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर चतुर्थीची तारीख आधी बघा, त्या दिवशी टी टाइम घेऊ नका, विसर्जन बघायला जा.

राहिलं सामान. ड्रायव्हरपेक्षा, म्हणजे सगळ्यात लांब क्लबपेक्षा, थोडी उंच काठी गोल्फ बॅगेत उभी घाला, म्हणजे बॅग आपटली तरी मार काठीवर जातो. माझ्या ओळखीच्या एकाचा नवाकोरा ड्रायव्हर मानेपासून तुटून बेल्टवर आला, बॅग मऊ कापडाची होती आणि आत काही आधार नव्हता. पॉवर बँक आणि रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत. तिकीट काढण्याआधी गोल्फ बॅगचं वजन सामानात धरतात की वेगळे पैसे लागतात ते एअरलाइनकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवर "चालेल सर" म्हटलेलं चेक-इन काउंटरवर कोणी ऐकत नाही.