घरातला रेडॉन कसा मोजावा: इथे कंदिलाची परीक्षा चालत नाही

मंगळवेढ्याकडे घरोघरी ज्वारीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं होती तेव्हा पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला, तर आतली हवा घातक, थांबायचं.

रेडॉनला ही परीक्षा लागू पडत नाही. त्याने ज्योत विझत नाही, वास येत नाही, डोकंही दुखत नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून पुढे रेडियम आणि रेडियमपासून हा किरणोत्सारी वायू तयार होतो. जमिनीच्या भेगांतून तो घरात येतो, बंद खोलीत साठतो. अनेक देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखाल हेच कारण आहे. सोलापूरचा काळा बेसाल्ट ग्रॅनाइटच्या मानाने बराच कमी युरेनियम बाळगतो, त्यामुळे धास्तावू नका. पण नुसत्या खडकावरून घराचा आकडा ठरत नाही. शेजारशेजारच्या दोन घरांतही फरक पडतो, म्हणून मोजायचं.

आधी खोली निवडा. तळमजल्यावरची, झोपायची. जुन्या माळवदाच्या घरात एकच दार असलेली, बिनखिडकीची मधली खोली असते आणि बहुधा म्हातारी माणसं तिथेच निजतात. मी तरी रेडॉन मोजायची पहिली डबी तिथेच लावेन. स्वयंपाकघर आणि न्हाणी नको.

डब्या दोन प्रकारच्या. कोळशाची डबी रेडॉन शोषून घेते आणि काही दिवसांत काम उरकते, पण शोषलेला रेडॉन दर ३.८ दिवसांनी निम्मा होतो. डबी टपालात आठवडाभर अडकली की मोजणी वाया. फिल्मच्या डबीत रेडॉनमधून निघणाऱ्या कणांचे ओरखडे उमटतात, ते पुसले जात नाहीत. खेड्यासाठी हीच घ्या. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी डबी विकसित केली आहे. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात चौकशी करा, कारण फिल्म शेवटी प्रयोगशाळेतच वाचावी लागते.

डबी देवळीत ठेवायचा मोह होईल, ठेवू नका. तिथे हवा खेळत नाही. तुळईला दोरी बांधून टांगा, जमिनीपासून एक ते दोन मीटरवर, भिंतीपासून हातभर लांब, पंखा आणि खिडकीपासून दूर. तारीख कॅलेंडरवर लिहा. पोरांना आणि रंगाऱ्याला बजावून ठेवा.

दिवाळी झाली की लावा, महाशिवरात्रीला काढा. थंडीत दारं बंद असतात. उन्हाळ्यात सगळे माळवदावर झोपतात, घर उघडं राहतं, म्हणून एप्रिल-मेचा आकडा फसवा असतो. वर्षभर ठेवता आली तर सर्वांत चांगलं.

जागतिक आरोग्य संघटना दर घनमीटरला १०० बेकरेलच्या (बेकरेल हे किरणोत्साराचं माप) आत राहायला सांगते. ते जमत नसेल तरी ३०० ओलांडू नये. दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तोच रेडॉन न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट घातक, म्हणून आकडा कितीही येवो, विडी सोडाच.

आकडा जास्त आला तर जमिनीच्या भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवा. मातीची जमीन असेल तर कोबा करा. मधल्या खोलीला झरोका पाडा. एवढ्यानेही भागलं नाही, तर जमिनीखालून पाइप काढून छपराच्या वर न्यायचा आणि त्याला छोटा पंखा बसवायचा. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. मग पुढच्या दिवाळीनंतर त्याच दोरीला नवी डबी टांगा.